पपईचा चीक, उंदराचे फुप्फुस आणि आपला दम

मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्ची पपई लावतात, हे बहुतेक घरांत ठाऊक आहे. पपईच्या चिकात पपेन नावाचे एन्झाइम असते. ते मांसातले चिवट धागे तोडते. हेच पपेन अमेरिकेतील पॉल ग्रॉस व सहकाऱ्यांनी उंदरांच्या फुप्फुसांत सोडले आणि १९६५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. फुप्फुसांतले बारीक कप्पे फाटून मोठ्या पोकळ्या झाल्या होत्या. वर्षानुवर्षे बिडी ओढणाऱ्या माणसाच्या फुप्फुसातही असेच होते. या आजाराला एम्फिसिमा म्हणतात. (पपई खाल्ल्याने असे होत नाही; खाल्लेली पपई पोटात पचते.)

त्याआधी १९६३ मध्ये स्वीडनच्या लॉरेल आणि एरिक्सन यांना काही रुग्णांच्या रक्तात एक प्रथिन जवळजवळ नसल्याचे आढळले. त्यातल्या काहींना एम्फिसिमा होता. फुप्फुसाचे धागे तोडणाऱ्या एन्झाइमला हे प्रथिन आवर घालते. दोन्ही शोध एकत्र पाहिल्यावर कोडे उलगडू लागले: तोडणारे जास्त आणि आवरणारे कमी झाले की फुप्फुस फाटते.

दम का लागतो?

आपल्या फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांच्या भिंतींत रबरासारखे ताणणारे धागे असतात. श्वास घेताना ते ताणले जातात, सोडताना आपोआप आखडतात आणि हवा बाहेर पडते. हेच धागे बारीक श्वासनळ्यांना चहूबाजूंनी ओढून उघड्या ठेवतात.

आजारी केलेल्या उंदीर-हॅमस्टरांच्या फुप्फुसांत हवा भरून दाब मोजला, तेव्हा ती सहज फुगत होती, पण आखडायचा जोर गेला होता. जुन्या चड्डीच्या सैल इलॅस्टिकसारखी गत. आधार गेल्याने श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात आणि हवा आत अडकते. छाती फुगलेली राहते, छातीखालचा श्वासाचा पडदा सपाट होतो आणि त्याची ताकद कमी पडते. म्हणूनच रुग्ण म्हणतो, “श्वास पुरत नाही.” खरी अडचण असते ती श्वास बाहेर टाकण्याची.

धूर काय करतो?

१९९७ साली अमेरिकेतच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदरांना कित्येक महिने सिगारेटचा धूर दिला. साध्या उंदरांना एम्फिसिमा झाला. ज्या उंदरांच्या संरक्षक पेशींत धागे तोडणारे एक विशिष्ट एन्झाइमच नव्हते, त्यांना झाला नाही. म्हणजे धुरामुळे आपल्याच पेशी फुप्फुसात गोळा होतात आणि आपलेच धागे तोडतात. चुलीच्या धुरात रोज बसणाऱ्या, कधीही बिडीला हात न लावलेल्या बायांनाही अशी कायमची धाप लागू शकते.

आपण काय करायचे?

फाटलेले वायुकोश परत जुळत नाहीत. पण बिडी-सिगारेट सोडली की पुढचे नुकसान मंदावते, मग वय साठ का असेना. चूल पेटवायचीच असेल तर उघड्यावर किंवा धूर बाहेर जाईल अशा जागी पेटवावी.

जिना चढताना दम लागतो, सकाळी खोकला-कफ असतो, तर “वय झाले” म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना स्पायरोमेट्रीबद्दल विचारा. या तपासणीत नळीत जोराने फुंकायचे असते. औषधाचा झोत दिल्यानंतरही, फुंकलेल्या एकूण हवेपैकी ७० टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडली, तर नळ्यांत अडथळा आहे असे समजतात. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर आधी टीबीसाठी थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

दम लागल्यावर बसा. नाकाने श्वास घ्या आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून, घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ घेत हळूहळू सोडा. ओठांच्या अडथळ्याने आतल्या नळ्या जास्त वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा निघते. ओठ किंवा नखे निळी पडली, किंवा बोलताना वाक्य पुरे होईना, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.