नील यंगच्या मैफलीतील पोलादी मींड

गवयाने एक ओळ सोडल्यावर पुढची ओळ उचलण्यापूर्वी जो श्वासभर अवकाश उरतो, तो कोणी आणि कसा भरावयाचा, हा प्रश्न बहुतेक गायनपरंपरांना केव्हा ना केव्हा पडलेला आहे. आणि गवयाचा सुटता सूर अलगद झेलून, किंचित लांबवून, पुन्हा त्याच्याच ओंजळीत ठेवावयाचा, हे आपल्याकडच्या सारंगियांनी दिलेले उत्तर ज्यांच्या कानांत मुरलेले आहे, त्यांना कॅनडात जन्मलेल्या नील यंग ह्या रॉक गायकाच्या मैफली परक्या वाटण्याचे कारण नाही. यंगचा आवाज पातळ, उंच आणि कापरा आहे; त्याला भरदार साथ दिली तर तो बुडतो आणि मुळीच दिली नाही तर उघडा पडतो. ह्या नाजूक आवाजाच्या शेजारी १९७१ पासून पुढे जवळजवळ चाळीस वर्षे, मधली काही अंतरे वगळता, बेन कीथ नावाचा वादक पेडल स्टील गिटार घेऊन बसत असे, आणि त्याने केलेल्या साथीविषयीच हा लेख आहे.

‘गिटार’ ह्या शब्दाने जो आकार डोळ्यांपुढे येतो त्याच्याशी ह्या वाद्याचे रूप जुळत नाही. पायांवर उभे केलेले अरुंद मेज असावे तशी त्याची बैठक. वर बहुधा दहा तारा, आणि मोठ्या वाद्यांत अशा दहा-दहा तारांच्या दोन पट्ट्या. पडद्यांच्या जागी नुसत्या आखलेल्या रेघा, कारण तार येथे बोटाने दाबावयाचीच नसते. डाव्या हातातील पोलादाची गुळगुळीत कांडी तारांवरून सरकते, आणि तिच्यामुळेच वाद्याला ‘स्टील’ हे नाव पडले. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नख्या, डाव्या पावलाखाली ओळीने बसविलेली पेडले, दोन्ही गुडघ्यांना लागून लोखंडी तरफा, आणि उजव्या पावलाखाली आवाज कमीजास्त करणारे आणखी एक पेडल: असा सारा देह ह्या वाद्याच्या दिमतीला द्यावा लागतो.

पेडल दाबले असता नेमके काय घडते, हे आपल्या स्वरभाषेत सांगणे मला अधिक सोयीचे वाटते. समजा, सा, ग आणि प हे तीन स्वर तीन तारांवर एकत्र निनादत आहेत. वादकाने सर्वांत रूढ अशी दोन पेडले एकदम दाबली की वाद्याच्या पोटातील सळया ओढल्या जातात, ‘ग’ची तार ताणली जाऊन मध्यमाला पोहोचते, ‘प’ची तार शुद्ध धैवताला पोहोचते, आणि ‘सा’ मात्र आपल्या जागी अढळ राहतो. आपल्या मींडेत एक सूर प्रवासाला निघतो. येथे एकाच क्षणी दोन सूर निरनिराळ्या गतीने वाट चालू लागतात आणि तिसरा त्यांच्याकडे पाहत स्थिर उभा असतो. ह्या वाद्याच्या अंगी जो करुण भाव आहे असे सर्वत्र म्हटले जाते, त्याचे मूळ, माझ्या मते, ह्या स्थिर आणि चल स्वरांच्या एकत्र असण्यात आहे. तारेचा नाद विझू लागला की उजवे पाऊल हळूहळू दाबत जावयाचे, म्हणजे तो विझत असल्याचे श्रोत्याला कळतही नाही. आणि पडदे नसल्यामुळे कांडी केसभर मागेपुढे झाली तरी स्वर ढळतो, म्हणून अखेरचा न्यायनिवाडा वादकाच्या कानालाच करावा लागतो.

तारेवर पोलाद सरकविण्याच्या ह्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः हवाई बेटांतील लाइए गावच्या जोसेफ केकुकू ह्याला देतात. त्याचा जन्म १८७४ चा. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर हवाई संगीताची लाट अमेरिकाभर पसरली, आणि तिचेच पाणी पुढे हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागले. आपल्या जुन्या हिंदी चित्रपटगीतांतील ‘हवाईयन गिटार’ आणि व्हॅन शिप्लेने त्या गीतांच्या वाजविलेल्या ध्वनिमुद्रिका ही त्याच घराण्याची संतती होय. (काचेचा बट्टा तारांवरून फिरविणारी आपली विचित्र वीणा अर्थात स्वतंत्र, तथापि ती ऐकलेल्या माणसाला ही सरकती सुरावट नवी नाही.) अमेरिकेत ह्या वाद्याला पेडले जोडण्याचे प्रयोग आधीपासून चालू होते; परंतु तार वाजत असतानाच पेडल दाबून स्वर वळविण्याची गोडी सर्वसामान्य श्रोत्यांना लागली ती १९५४ मध्ये, वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ ह्या गाण्यातील बड आयझॅक्सच्या वादनामुळे. पुढे बडी एमन्ससारख्या वादक-कारागिरांनी वाद्याची रचना निश्चित केली आणि नॅशव्हिल शहर ह्या वाद्याचे माहेरघर झाले.

त्या नॅशव्हिलला फेब्रुवारी १९७१ मध्ये पंचविशीतील नील यंग आला तो जॉनी कॅशच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गाण्यासाठी. हा कार्यक्रम रायमन सभागृहात चित्रित होत असे. त्याच मुक्कामात एलियट मेझर ह्या निर्मात्याने क्वाड्राफोनिक नावाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाची तजवीज केली, आणि पेडल स्टील वाजविणारा कोणी हवा म्हणून बास वादक टिम ड्रमंडने बेन कीथला बोलावून घेतले. कीथ तेव्हा तेहेतीस वर्षांचा, पॅट्सी क्लाइनच्या गाजलेल्या ‘आय फॉल टू पीसेस’ ह्या गाण्यात वाजविलेला मुरब्बी वादक. परंतु हा तरुण गायक कोण, ह्याचा त्याला पत्ता नव्हता, आणि कित्येक गाणी वाजवून झाल्यावर मगच दोघांची रीतसर ओळख झाली. त्या बैठकांतून ‘हार्वेस्ट’ हा संग्रह निघाला आणि त्यातील ‘हार्ट ऑफ गोल्ड’ १९७२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. नॅशव्हिलच्या स्टील वादकांत द्रुतगतीचे कौतुक मोठे असताना कीथने त्या गाण्यांत लांब, एकाकी, जवळजवळ निश्चल स्वर ठेवले. त्याची थोरवी मी त्याच्या ह्या संयमात मानतो.

असा संयम मैफलीत टिकविणे अधिक कठीण असते, आणि १९७३ साली त्याची कसोटी लागली. यंगचा साथीदार गिटारवादक डॅनी व्हिटन ह्याला दौऱ्याच्या तालमींतून परत पाठविण्यात आले होते आणि लगोलग, नोव्हेंबर १९७२ मध्ये, अमली पदार्थांनी त्याचा बळी घेतला. त्या शोकाचे ओझे घेऊन यंग प्रचंड सभागृहांत गाऊ लागला. श्रोते ‘हार्वेस्ट’मधील कोमल गीतांची अपेक्षा करीत आलेले, आणि त्यांच्यापुढे तो कधी न ऐकलेली, कर्कश, जखमी गाणी ठेवीत होता. त्या दौऱ्याचा ‘टाइम फेड्स अवे’ हा ध्वनिमुद्रित पुरावा यंगला स्वतःला नकोसा वाटे आणि अनेक वर्षे त्याने तो पुन्हा निघू दिला नाही. मला मात्र त्यात फार मोठे काही सापडते. विजेच्या गिटारींच्या गदारोळातून कीथचे स्टील वर येते तेव्हा ते सांत्वन करीत नाही, ते गायकाबरोबर विव्हळते. त्याच वर्षी ‘टुनाइट्स द नाइट’च्या बैठकांत आणि त्यानंतरच्या मैफलींत हा सूर अधिकच उघडा झाला. गायकाचा गळा स्वरापासून ढळला तर साथीनेही किंचित ढळावे आणि त्याला एकटे पाडू नये, हे औदार्य केवळ तालमीने अंगी येत नाही.

१९८४-८५ मधील ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर्स’ ह्या ग्रामीण थाटाच्या ताफ्यातही कीथ होता. व्हायोलिनच्या जोडीने त्याचे वाद्य तेथे खेळकर वाजते. पण मला अधिक सांगावयाचे आहे ते ऑगस्ट २००५ विषयी. त्या वर्षी यंगच्या मेंदूतील रक्तवाहिनीला आलेल्या फुगवट्याचे निदान झाले, शस्त्रक्रियेच्या आधी नॅशव्हिलमध्ये त्याने ‘प्रेअरी विंड’ ह्या संग्रहाचे बरेचसे काम उरकले, आणि जूनमध्ये त्याचे वडील वारले. त्यानंतर दोन रात्री तो रायमन सभागृहात गायला, आणि जोनाथन डेमीने त्या मैफली चित्रित केल्या. १८९२ साली प्रार्थनामंदिर म्हणून बांधून झालेल्या त्या वास्तूत श्रोत्यांना आजही लाकडी बाकांवर बसावे लागते. आधी नवी गाणी झाली, मग ‘हार्वेस्ट’मधली जुनी, आणि चौतीस वर्षांपूर्वी ज्या शहरात ती दोघांनी प्रथम वाजविली, तेथेच साठीला टेकलेला गायक आणि सत्तरीकडे झुकलेला साथीदार पुन्हा तेच स्वर त्याच जागी ठेवीत होते. कीथने एकाही जुन्या जागेला नवी नक्षी काढली नाही.

२६ जुलै २०१० रोजी यंगच्याच कॅलिफोर्नियातील शेतावर कीथ वारला, वय त्र्याहत्तर. डेमीच्या चित्रपटाच्या शेवटी नामावली सरकत असताना यंग त्याच रंगमंचावर एकटा गिटार घेऊन बसलेला दिसतो. समोर बाकांच्या रिकाम्या रांगा आहेत, शेजारी स्टीलवर कोणी नाही, आणि ओळ संपल्यावरचा अवकाश तो स्वतःच्याच गिटारीने, थोडक्यात, भरतो.