'शुद्ध' की 'प्रमाण'?

धुळ्याच्या बाजारात बाप विचारतो, "तुनं नाव काय शे?" आणि त्याचाच मुलगा शाळेच्या वहीत लिहितो, 'तुझे नाव काय आहे?' बापाची अहिराणी आणि मुलाची 'शुद्ध' मराठी, असे आपण सहज म्हणून जातो. या 'शुद्ध' शब्दापाशी थोडे थांबावयाचे आहे.

आपली लेखी मराठी काही आभाळातून पडलेली नाही. इंग्रजी अमलात शाळा निघाल्या, पुस्तके छापावयाची झाली, तेव्हा कोठली बोली घ्यावयाची हा प्रश्न आला. पुणे पेशव्यांचे; शास्त्री-पंडितांचा भरणा तिकडचा; पारडे तिकडे झुकले. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश निघाला, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले, आणि कोशाच्या कामात साह्य करणारे कँडीसाहेब पुढे कित्येक वर्षे शालेय पुस्तकांची भाषा तपाशीत बसले. (आपली 'शुद्ध' मराठी एका इंग्रजाच्या हाताखालून गेली आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते!) मराठी साहित्य महामंडळाचे नियम सरकारने मान्य केले ते १९६२ साली. त्यांचेही नाव शुद्धलेखनाचेच.

नॉर्वे देशातही असाच पेच होता. डेन्मार्कच्या दीर्घ सत्तेमुळे तेथे लिहिणे डॅनिशमध्ये चाले. इव्हार ऑसेन हा शेतकऱ्याचा मुलगा १८४० नंतर खेडोपाडी हिंडला, बोली टिपल्या आणि त्यांतून नवी लेखी भाषा बांधली. १८८५ साली तेथील संसदेने तिला डॅनिशच्या वळणाच्या भाषेबरोबरीचा दर्जा दिला. १९२९ मध्ये दोहींची नावे ठरली : ऑसेनच्या परंपरेतील ती 'नवी नॉर्वेजियन' आणि दुसरी 'पुस्तकी भाषा'. नावातून कोणीही 'शुद्ध' ठरले नाही.

आपल्याकडे अलीकडे 'प्रमाण मराठी' म्हणू लागले आहेत, ते मला बरे वाटते. प्रमाण म्हणजे माप, आणि माप कोणी ठरविले हे विचारता येते. ग्रियर्सनने १९०७च्या खंडात खानदेशी मराठीबरोबर न ठेवता भिल्ल बोलींशेजारी ठेवली. 'मना', 'तुना' यांतला 'ना' गुजरातीशी नाते सांगतोच. म्हणजे ती बिघडलेली मराठी नव्हे.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची लेवा गणबोलीतली गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, छापून आली. पुढे ती शाळेच्या पुस्तकांतही गेली. तेच पुस्तक वाचणाऱ्या मुलाने निबंधात आपल्या घरचा शब्द लिहिला, तर त्याखाली तांबड्या शाईची रेघ पडते.