टाकाऊ खोक्याचे टिकाऊ पाकीट

दिवाळीची साफसफाई म्हणजे घरातल्या वस्तूंची खानेसुमारीच! गेल्या दिवाळीत आमच्या अमरावतीच्या घरी ती झाली, तेव्हा बरण्या आणि सुतळीच्या गुंड्यांबरोबर दुधाची नि फळांच्या रसाची अकरा रिकामी खोकी निघाली. रद्दीवाल्याने वर्तमानपत्रे तराजूत घातली, बाटल्या पोत्यात भरल्या. खोकी मात्र पायानेच बाजूला सारली.

"हे कोणी घेत नाई, बाई. हा कागदबी नाई अन् प्लास्टिकबी नाई!"

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. या खोक्यात सुमारे ७५ टक्के जाड कागद, २० टक्के प्लॅस्टिक आणि ५ टक्के अ‍ॅल्युमिनियम असते. कागदामुळे खोके ताठ राहते, प्लॅस्टिकमुळे ओल आत-बाहेर जात नाही, आणि केसाहून पातळ असा अ‍ॅल्युमिनियमचा पदर उजेड व हवा रोखतो. स्वीडनमधल्या लुंड गावी १९५१ साली टेट्रा पॅक कंपनी निघाली, तेव्हाचे खोके समोशासारखे चार बाजूंचे होते. विटेच्या आकाराचे खोके १९६३ मध्ये आले. आपल्याकडे १९८५ मध्ये 'फ्रूटी' आली आणि शाळकरी मुलांनी ते घरोघर पोचवले.

हे पदर एकमेकांना असे घट्ट चिकटलेले, की ते सोडवायला कारखान्यात पाण्यात घुसळून लगदाच करावा लागतो. मुंबईत अशी खोकी गोळा करून, त्यांच्या तक्त्यांपासून शाळांसाठी बाकही बनवले गेले आहेत. पण आमच्या गल्लीतून ती तिथवर नेणार कोण? जाळावीत, तर प्लॅस्टिकचा धूर!

फराळासाठी अकोल्याहून आलेली माझी आई हे सारे पाहत होती. ती म्हणाली, "फेकून काहून राह्यली व? पाण्यानं भिजत नाई, हातानं फाटत नाई, अन् म्हणे कामाचं नाई!"

झाले! खोके रद्दीला नालायक ठरते ते ज्या चिवटपणामुळे, तोच चिवटपणा पाकिटाला हवा असतो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

आता कृती सांगते. एक लिटरचे, साधारण १९ सेंटिमीटर उंच, ९ रुंद आणि ६ जाडीचे खोके घ्या. वरचा व खालचा भाग कापून नळी करा. साबणाच्या पाण्याने आतून धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. दुधाचा अंश राहिला, तर मुंग्या आधी पाकीट शोधतील!

दोन्ही अरुंद बाजू मधोमध दुमडून पेटीच्या भात्यासारख्या आत ढकला आणि नळी चपटी करा. वरून ५ सेंटिमीटरवर खूण करून, तेवढ्या भागातली पुढची बाजू व दोन्ही अरुंद बाजू कापून टाका. मागची बाजू तशीच ठेवा. ते झाले झाकण. उरलेल्या १४ सेंटिमीटरच्या मध्यावर पट्टीच्या कडेने घडी पाडा आणि खालचा भाग पुढून वर आणा. ७-७ सेंटिमीटरचे दोन कप्पे तयार! मधल्या, एकमेकींना टेकलेल्या दोन भिंती तोंडाशी दोन-तीन टाक्यांनी जोडा. झाकणाला आतून आणि पुढच्या कप्प्याला बाहेरून टिचबटण लावा.

तीन गोष्टी जपा. डिंक लावू नका. वरच्या प्लॅस्टिकवर तो धरत नाही. इस्त्री फिरवू नका, प्लॅस्टिक वितळते. आणि टाके फार जवळ घालू नका, नाहीतर पोस्टाच्या तिकिटांसारखे खोके तिथेच फाटेल.

पाकीट झाले, पण भाऊबीजेला ते भावाला द्यायचे कसे? दुकानातले चामडी पाकीट मी आणून ठेवलेच होते. ओवाळताना आईकडे पाहिले आणि, कोण जाणे कसे, तबकात खोक्याचे पाकीट ठेवले. भाऊ हसला. मला वाटले, घरी गेल्यावर मुलांना खेळायला देईल.

आपल्या वऱ्हाडाला खरे तर याची लाज वाटू नये. १८७६ साली शेंडगावी जन्मलेले, दापुऱ्याला मामाच्या घरी वाढलेले गाडगेबाबा याच अमरावती-अकोल्याच्या मातीतले. चिंध्या जोडलेले वस्त्र अंगावर, हातात खराटा आणि फुटके गाडगे! आमच्या आज्यांनीही जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. त्या 'कलाकुसर' म्हणून नव्हे, तर वस्तूत जीव उरला असताना ती टाकवत नव्हती म्हणून.

अकरा खोक्यांची अकरा पाकिटे केली म्हणून शहराचा कचरा हटत नाही, हे मलाही कळते. घरात खोकी कमी आणणे हाच त्यावरचा पहिला उपाय. आम्ही आता ताक घरीच घुसळतो.

परवा भाऊ अकोल्याहून आला. रिक्षाचे पैसे द्यायला त्याने खिशात हात घातला आणि तेच पाकीट काढले! कोपरे झिजले होते, एक टाका उसवला होता. "ताई, एवढा टाका घालून दे," तो म्हणाला.

चामडी पाकीट अजून कपाटात आहे. या भाऊबीजेला तेही देणार नाही.