जगाचा इतिहास, मुक्काम पोस्ट ग्वाल्हेर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यावर, गोरखी उभी आहे. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला स्थिरावली, छावणीचे शहर झाले आणि गोरखी हा त्या शहरातला शिंद्यांचा जुना वाडा. पुढे 1874 मध्ये जयविलास बांधून झाला आणि दरबाराचा डौल तिकडे गेला. गोरखीत शिंद्यांचे देवघर राहिले, कचेऱ्या आल्या, शाळा भरली. आता त्याच आवारात स्मार्ट सिटी योजनेतले डिजिटल संग्रहालय आणि तारांगण आहे. जयविलासात 1964 पासून जिवाजीराव शिंद्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. प्रचंड झुंबरे आणि जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी यांची कीर्ती मोठी आहे. मराठी माणसाची पावले पहिल्यांदा या दोन ठिकाणी वळणे साहजिक आहे. पण प्राचीन संस्कृतींचा, किंबहुना जगाच्या इतिहासाचा, विचार करायचा असेल तर ग्वाल्हेरातली जागा तिसरीच आहे: किल्ल्याच्या पायथ्याचा गुजरी महाल. तिथे इजिप्तची ममी नाही, असीरियाचे शिल्प नाही, रोमचा संगमरवर नाही. तरीही हे जगाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. अशा संग्रहालयाला जगभरच्या वस्तू लागतातच असे नाही. असलेल्या वस्तूचा मूळ ठावठिकाणा शाबूत असावा लागतो, आणि ती गोष्ट इथे आहे.

गुजरी महाल मानसिंह तोमराने (राज्यकाल 1486–1516) आपल्या गुजर राणीसाठी, मृगनयनीसाठी, बांधला. संग्रहालय त्याच्या चारशे वर्षांनंतरचे. माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत ग्वाल्हेर संस्थानाने 1913 मध्ये पुरातत्त्व खाते काढले, ते मो. ब. गर्दे यांच्या हाती आले आणि 1922 मध्ये गुजरी महालात संग्रहालय खुले झाले. त्या काळी अनेक संस्थानिक युरोपातून पुतळे, घड्याळे, फर्निचर मागवून आपापले वाडे सजवत होते. शिंदेही त्याला अपवाद नव्हते. गर्द्यांच्या खात्याने मात्र संस्थानाच्या हद्दीतली गावे, टेकड्या, पडकी देवळे पायाखाली घातली आणि काय कुठे मिळाले याची नोंद ठेवली. बेसनगर, पवाया, ग्यारसपूर, बाघ, मंदसोर, उज्जैन ही सारी ठिकाणे तेव्हा ग्वाल्हेरच्याच अमलाखाली होती. प्राचीन काळी उत्तरेकडून दख्खनेत उतरणारे रस्ते याच मुलखातून जात. त्यामुळे एका संस्थानापुरता गोळा केलेला माल पाहता पाहता सीमा ओलांडू लागतो.

बेसनगर हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. विदिशेजवळच्या या गावी एक दगडी स्तंभ अजून जागच्या जागी उभा आहे. स्थानिक लोक त्याला खांबबाबा म्हणतात. 1877 मध्ये पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने तो पाहिला होता, पण शेंदराच्या थराखाली लेख असल्याचे त्याला कळले नाही. 1909 मध्ये शेंदूर काढल्यावर ब्राह्मी अक्षरे दिसली. तक्षशिलेचा ग्रीक राजा अंतलिकित याचा दूत हेलिओदोर काशीपुत्र भागभद्राच्या दरबारी आला होता आणि स्वतःला भागवत म्हणवून त्याने देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला होता. काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध. या स्तंभाची कथा पाठ्यपुस्तकात येते, पण ती तिथे अर्धीच असते. त्याच बेसनगरात मिळालेली ताडाच्या पानांची आणि मकराची स्तंभशीर्षे गुजरी महालात आहेत. ताल हे संकर्षणाचे चिन्ह, मकर प्रद्युम्नाचे. म्हणजे तिथे एकटा वासुदेव नव्हता, वृष्णिवीरांचे, म्हणजे वासुदेवाच्या कुळातल्या वीरांचे, सारे कुटुंब पूजेला होते, असा तर्क बांधता येतो. 1963 ते 65 च्या उत्खननात स्तंभाजवळ लंबगोल देवळाचा पाया आणि आणखी स्तंभांचे खड्डे सापडले, तेव्हा या तर्काला बळ आले. आता नकाशा थोडा मोठा करावा. अफगाणिस्तानात आय-खानूमला 1970 मध्ये ग्रीक राजा अगाथोक्लीसची नाणी सापडली. त्यांवर वासुदेव आणि संकर्षण आहेत. आणि आपल्या जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या लेखात ज्या देवांना नमन केले आहे त्यांत हेच दोघे आहेत. ऑक्सस नदीच्या काठापासून सह्याद्रीच्या घाटापर्यंत पसरलेल्या एका श्रद्धेचा मधला टप्पा गुजरी महालात ठेवलेला आहे. शीर्षे बेसनगरचीच आहेत हे माहीत नसते, तर ती फक्त दोन कोरीव दगड ठरली असती.

पवायाचेही तसेच. ग्वाल्हेरपासून साठ-सत्तर किलोमीटरवर, सिंध आणि पार्वती यांच्या संगमाजवळ हे गाव आहे. तीच नाग घराण्यातल्या राजांची पद्मावती नगरी. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने ‘मालतीमाधव’ याच नगरीत घडवले आणि नाटकात इथल्या नद्यांची नावे इतक्या नेमकेपणाने दिली की, जागा ओळखायला ती उपयोगी पडली. इथला मणिभद्र यक्ष गुजरी महालात आहे. राजा शिवनंदीच्या चौथ्या वर्षी मणिभद्राच्या भक्तांच्या गोष्ठीने, म्हणजे मंडळाने, ही मूर्ती बसवली असे तिच्यावरचा लेख सांगतो. मणिभद्र हा व्यापाऱ्यांचा आणि वाटसरूंचा रक्षक. वर्गणी काढून देव बसवणारे मंडळ इथे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे भेटते. त्याच पवायाच्या गुप्तकालीन शिळेवर मध्ये नर्तकी आहे आणि भोवती वाजवणाऱ्या स्त्रिया. त्यांच्या हातांतल्या वाद्यांत धनुष्यासारखी वाकलेली वीणा आहे. समुद्रगुप्त आपल्या नाण्यावर तीच वाजवतो. या घाटाचे वाद्य प्राचीन मेसोपोटेमियात आणि इजिप्तमध्ये होते. भारतात ते मागे पडले आणि ब्रह्मदेशात आजही वाजते. एका शिळेवरून एवढा प्रवास दिसतो तो ती कुठली आणि कधीची हे ठरलेले आहे म्हणूनच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, तुलना करायची तर वस्तू शेजारी शेजारी हव्यात. आक्षेप वजनदार आहे. 2017 मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे प्रदर्शन भरले, तेव्हा ब्रिटिश म्युझियममधल्या वस्तू भारतीय वस्तूंच्या शेजारी मांडल्या होत्या, आणि एकाच काळात दोन दूरच्या समाजांनी काय घडवले हे त्यातून ठसठशीत कळत होते. ते काम गुजरी महालाला जमणारे नाही. पण शेजारी मांडल्याने साम्य दिसते. संबंध होता की नाही ते दिसत नाही. दोन मूर्तींचा चेहरामोहरा सारखा असला म्हणून एकीच्या शिल्पकाराने दुसरी पाहिली होती असे होत नाही. संबंध सिद्ध करायला कोणत्या थरात, कोणत्या लेखासह, कोणत्या रस्त्यावर वस्तू मिळाली ते लागते. ज्या मोठ्या संग्रहालयांनी बाजारातून किंवा लुटीतून माल घेतला, त्यांच्याकडे नेमकी हीच माहिती पुष्कळदा नसते. तेव्हा मोठी संग्रहालये तुलनेसाठी आणि गुजरी महालासारखी पुराव्यासाठी, अशी वाटणी मानावी. पहिलीने दुसरीची गरज संपत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. गुजरी महालाने तरी वेगळे काय केले? पवायाचा यक्ष पवायातून उचलला, बेसनगरची शीर्षे सुमारे तीनशे किलोमीटर दूर आणली. शिवाय निवडीला संस्थानाची हद्द हाच निकष. बेसनगरपासून सांची अगदी जवळ, पण सांची भोपाळ संस्थानात, म्हणून तिचा या संग्रहाशी संबंध नाही. बेसनगरचे कल्पवृक्षाचे शीर्ष कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेले. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर सूर्यमंदिर बांधल्याचा हूण राजा मिहिरकुलाच्या काळचा लेखही कोलकात्यालाच. एका गावाचे अवशेष असे राज्यकर्त्यांच्या वाटपानुसार विखुरले. हे सारे खरे आहे, आणि यातून एवढेच निघते की, गुजरी महाल निर्दोष नाही. पण हलवणे आणि ठिकाणापासून तोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गर्द्यांच्या खात्याने वस्तू हलवल्या, पण त्यांची उगमस्थाने वार्षिक अहवालांत आणि प्रकाशनांत नोंदली. म्हणून आज विखुरलेले तुकडे कागदावर का होईना, पुन्हा एकत्र आणता येतात.

मग सारे जागच्या जागी ठेवणेच उत्तम नव्हे का? काही बाबतींत नक्कीच. गुजरी महालापासून किल्ल्याकडे चढत गेले की, वाटेत खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते. त्यातल्या इसवी सन 876 च्या लेखात 270 हा आकडा शून्यासह आजच्याच पद्धतीने लिहिला आहे: बागेची लांबी 270 हात. रोज द्यायच्या 50 माळांतही तेच शून्य. जगभरचे गणिती ज्या अंकासाठी इथे येतात तो देवळाच्या भिंतीवरच शोभतो, कारण शून्य तेव्हा फुलांच्या हिशेबाइतके रोजचे झाले होते हे तिथेच पटते. पण बाघची लेणी उलटी साक्ष देतात. तिथली भित्तिचित्रे ओलाव्याने आणि धुराने विरत चालली होती, म्हणून 1920 च्या दशकाच्या आरंभी ग्वाल्हेर दरबाराने नंदलाल बोस, असितकुमार हालदार अशा चित्रकारांकडून त्यांच्या नकला करून घेतल्या. त्या नकला गुजरी महालात आहेत. मूळ चित्रे पुढेही झिजत गेली, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची ही नक्कल आता स्वतःच पुरावा झाली आहे. गुजरी महालातली ग्यारसपूरची शालभंजिका ही स्त्रीमूर्ती तर आज कडीकुलपात ठेवावी लागते. मूर्तिचोरांच्या या देशात ती उघड्या माळावर कशी राहिली असती, हा प्रश्न विचारायलाही नको.

राहिली ती खरी उणीव. गुजरी महालाकडे पुरावा आहे, पण तो सांगण्याची रीत तोकडी आहे. ताडशीर्षाजवळ उभ्या असलेल्या पाहुण्याला हेलिओदोर, आय-खानूम आणि नाणेघाट यांचा धागा कुणी हातात दिला नाही, तर त्याच्या लेखी तो दगडच राहतो. इथेच गोरखीचा उपयोग आहे. पडदे आणि प्रकाशयोजना यांनी मूळ वस्तूची जागा घेता येत नाही, पण नकाशा मांडायला त्यांच्याइतके चांगले साधन नाही. बेसनगरचे कोलकात्यात, ग्वाल्हेरात आणि विदिशेत विखुरलेले अवशेष गोरखीतल्या पडद्यावर एकत्र दाखवावेत, आणि मग पाहुण्याला खरा दगड पाहायला गुजरी महालात पाठवावे. हे दोन्ही एकाच शहरात आहे. नवी इमारत लागत नाही, परदेशातून काही उसने आणावे लागत नाही. लागतात ती दोन वेगळ्या खात्यांची एकत्र बसण्याची तयारी आणि गर्द्यांच्या नोंदी नीट वाचणारी माणसे.