रक्तातील चरबी आणि रक्ताची गुठळी

मी डॉक्टर नव्हे. कामगार चळवळीत वाढलेला, रात्री पुस्तके चाळून शिकलेला माणूस. या विषयाकडे वळलो तो एका सहकाऱ्यामुळे. संध्याकाळच्या द्वारसभेत तो माझ्या शेजारी उभा होता. पहाटे हृदयविकाराने गेला. रक्तात चरबी जास्त होती, एवढेच आम्हांला सांगण्यात आले. पण चरबी वर्षानुवर्षे साचत होती. घात एका रात्रीत कसा झाला?

नळात गाळ साचून पाणी हळूहळू कमी यावे, हे आपल्या मनातले चित्र अपुरे आहे. रोहिणीच्या अस्तराखाली साचलेला चरबीचा थर पुष्कळदा तडकतो. शरीर त्याला जखम समजते आणि तेथे रक्ताची गुठळी धरते. वाट बंद होते ती या गुठळीने. ती धरणारी बहुतेक प्रथिने यकृतात तयार होतात. एक दुसऱ्याला जागे करते, आणि अखेर थ्रॉम्बिन हे फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे तंतू बनवते. बोट कापले तर हेच तंतू आपल्याला वाचवतात. त्यांना वैरी कसे म्हणावे?

लंडनच्या नॉर्थविक पार्क येथे डॉ. मीड यांनी निरनिराळ्या धंद्यांत राबणाऱ्या माणसांचे रक्त तपासले. (हे मला विशेष भावले.) ४० ते ६४ वयाच्या १,५११ पुरुषांविषयीचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. फायब्रिनोजेन आणि गोठण्याचा 'सातवा घटक' ज्यांच्यात जास्त, त्यांना हृदयविकार अधिक. सातव्या घटकाबाबत पुढच्या साऱ्या पाहण्यांनी दुजोरा दिला नाही, हेही सांगितले पाहिजे. फायब्रिनोजेन मात्र धोक्याची खूण म्हणून टिकले.

चरबीशी याचा संबंध असा : ज्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड फार, त्यांच्यात सातवा घटक बहुधा चढलेला असतो, तुपकट जेवणानंतरही तो काही तास जोर करतो. शिवाय गुठळी विरघळवणाऱ्या यंत्रणेला अडवणारे पीएआय-१ हे प्रथिनही अशांत वाढलेले आढळते. म्हणजे गुठळी लवकर धरते, आणि सुटायला उशीर.

१९६३ साली नॉर्वेत कोरे बर्ग यांनी लायपोप्रोटीन-ए हा चरबीवाहक कण शोधला. त्यातील एक प्रथिन गुठळी विरघळवणाऱ्या प्लास्मिनोजेनशी फार मिळतेजुळते आहे, असे १९८७ साली दिसले. हजेरीपटावर नाव आहे, पण काम करीत नाही, असा हा इसम! प्रयोगशाळेत तो खऱ्या कामकऱ्याची जागा अडवतो. शरीरात तो रोहिणी बिघडवतो हे निश्चित; गुठळीत त्याचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. त्याचे प्रमाण मुख्यतः आईबापांकडून येते. पथ्याने फारसे हलत नाही. म्हणून ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करावी असे आज सांगतात.

त्या सहकाऱ्याच्या थोरल्या मुलाच्या रक्तात ते जास्त निघाले. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत ही चाचणी नाही. यंदाच्या मागणीपत्रकात आम्ही ती घातली आहे.