तीन व्हॉल्व्ह की चार? फोर्डच्या 4.6 लिटर व्ही8ची गोष्ट

2005च्या मस्टँग जीटीचं इंजिन माझं फार आवडतं. दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह: दोन हवा आत घेणारे, एक धूर बाहेर टाकणारा. ताकद 300 हॉर्सपॉवर. त्याच 4.6 लिटर क्षमतेचं चार व्हॉल्व्हचं इंजिन 2001च्या मस्टँग कोब्रामध्ये 320 हॉर्सपॉवर द्यायचं.

फरक हेडमध्ये आहे. तीन व्हॉल्व्हच्या हेडमध्ये इनटेक व्हॉल्व्ह साधारण 33.8 मिमीचे, चारच्या हेडमध्ये 37 मिमीचे. तीन-चार मिमीनं काय होतं, असं वाटेल. पण व्हॉल्व्ह नुकता उघडतो तेव्हा हवा त्याच्या कडेच्या फटीतून आत शिरते, म्हणून परीघ महत्त्वाचा. तो इथे सुमारे साडेनऊ टक्क्यांनी वाढतो, आणि तोंडाचं क्षेत्रफळ जवळपास 20 टक्क्यांनी!

खरी तफावत एक्झॉस्टकडे आहे. एकच 37.5 मिमीचा व्हॉल्व्ह विरुद्ध 30 मिमीचे दोन. दोन लहान व्हॉल्व्हचा एकूण परीघ 60 टक्के जास्त भरतो.

तरी तीन व्हॉल्व्हला कमी लेखू नका. इंजिनाच्या प्रत्येक बाजूला एकच कॅमशाफ्ट, त्यामुळे हेड आटोपशीर आणि हलकं. पोर्ट लहान असला की कमी आरपीएमला हवेचा वेग टिकतो, मिश्रण नीट ढवळलं जातं. रोजच्या रस्त्यावर मला तेच हवं. फक्त त्या एका कॅममुळे इनटेक आणि एक्झॉस्टचं टायमिंग वेगवेगळं हलवता येत नाही. 2011च्या 5.0 लिटर इंजिनात फोर्डनं चार व्हॉल्व्ह घेतले, दोन्ही कॅमचं टायमिंग स्वतंत्र केलं, आणि आकडा थेट 412वर गेला.