पनवेलहून निघालेला ‘फाकडा’

पनवेलहून पुण्याला निघालो की बोरघाट आपण बोलता बोलता चढून जातो. १७७८ च्या नोव्हेंबरात पनवेलला उतरलेल्या इंग्रज फौजेला मात्र खंडाळा गाठायला जवळजवळ महिना लागला.

रघुनाथरावांना पुण्याच्या गादीकडे नेण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी ही मोहीम काढली होती. फौज सुमारे ३,९०० ची, सामान वाहायला १९,००० बैल आणि सेनापती आजारी कर्नल एगर्टन! या संथ लवाजम्याच्या पुढे राहून घाट ताब्यात घेतला तो कॅप्टन जेम्स स्टुअर्टने.

समोर महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके होते. मराठ्यांनी वाटेतला दाणा-चारा नाहीसा केला आणि फौजेला वर येऊ दिले. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ स्टुअर्ट ठार झाला. फौज तळेगावला पोचली, तर गाव ओस आणि जळालेले. ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात टाकून इंग्रज मागे फिरले. वडगावला ते कोंडीत सापडले आणि त्यांना मानहानीचा तह करावा लागला.

स्टुअर्टची नोकरी एका कॅप्टनची. ना तो सेनापती झाला, ना त्याने कुठे राज्य केले. तरीही मराठ्यांनी त्याला नाव दिले ‘इष्टुर फाकडा’. फाकडा म्हणजे छातीचा, धडाडीचा गडी. आपल्या मानाजी शिंद्यांना दिलेला हाच किताब त्यांनी शत्रूलाही दिला. वडगाव मावळात त्याची कबर आजही दाखवतात.

तो चढाई करून आला होता, त्याला अडवणे योग्यच होते. पण अडवणाऱ्यांनी त्याची हिंमत नाकारली नाही. आज शेजारपाजारच्या वादातही समोरच्याचा एक गुण मान्य करताना आपली जीभ अडखळते!

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. त्या फौजेतले बहुतेक शिपाई इथलेच होते. मुंबईच्या पलटणींत मुसलमान, मराठे, महार, बेने इस्रायल असे सगळेच भरती होत. पगारासाठी घर सोडलेल्या त्या माणसांपैकी कितीतरी जण घाटमाथ्यावरच राहिले. कॅप्टनला किताब मिळाला, कबर मिळाली. त्यांचे नावही कुणाला ठाऊक नाही. पुढच्या वेळी बोरघाट चढताना त्यांचीही आठवण काढू या.